मारोतीदादा आणि त्याचा पोर्तुगालचा म्हातारा

मारोतीदादा कोणतीही गोष्ट तोंडात घालण्याआधी तिचा वास घेतो. चहाचा घेतो, पाण्याचा घेतो, पंगतीतल्या वरणाचाही घेतो. मागच्या लगनसराईत वसमतला त्याने भर पंगतीत द्रोणात नाक खुपसलं आणि डोळे मिटून सांगितलं, "तूर सेनगावकडची हाय. अन् फोडणी देताना आचारी दुसरीकडंच बघून राहिला होता." आचारी खरंच फोनवर बोलत होता. फोडणी करपली होती. सगळी पंगत दादाकडे कौतुकाने बघायला लागली. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. करपल्याचा वास मलाही आला होता, पण मला कोणी विचारलं नाही.

हीच तर माझी तकलीफ आहे.

मारोतीदादा माझा थोरला चुलतभाऊ. कुरुंद्याला आमची वावरं एकमेकांना लागून. मी हळद करतो. तो वाईन करतो. व्हय, वाईन, आणि तीही रीतसर परवाना काढून. ऐन उमेदीत तो ट्रॅक्टर चालवायला म्हणून पोर्तुगालला गेला, तिथे जुआकिम नावाच्या म्हाताऱ्याच्या लहानशा द्राक्षबागेत कामाला लागला आणि लग्नाचं वय तिकडेच घालवून परत आला. येताना त्याने फक्त एक शब्द आणला. "देवागार." त्यांच्या भाषेत म्हणजे हळू, दमानं. द्राक्षं तोडणाऱ्या बायांना तो दिवसभर "देवागार, देवागार" म्हणत फिरतो. आमची म्हातारी काकू पहिल्यांदा ऐकून घाबरलीच. "देव काहून गार पडंल रे? लेकरू बिघडलं तिकडं जाऊन."

दादाच्या बागेत फवारा नाही की पोत्यातलं खत नाही. वेलींच्या ओळींमधे गुडघाभर गवत माजलेलं असतं. मी एकदा म्हणालो, "दादा, गवत काढत न्हाईस काहून?"

"तिकडचे मालक म्हणायचे, जमीन उघडी टाकू नये. तिला बी लाज असते."

हे असं बोलतो. माझी बायको सुमन हे ऐकून दिवसभर खूश होती.

द्राक्षं तो पायांनी तुडवतो आणि सालासकट मातीच्या मोठ्या रांजणांत भरतो. रांजण वसमतच्या कुंभाराकडून घडवून घेतलेले, आतून मेण लावलेले. त्यात साखर नाही, खमीर नाही, कसली पावडर नाही. "द्राक्षाला ठाऊक हाय काय व्हायचं ते. आपुन मधीमधी करू नये." बस्स, एवढं बोलतो आणि पुण्याकडची माणसं मोटारी घेऊन ते ऐकायला येतात. येताना माझी वाळत घातलेली हळद त्यांना दिसते. तिच्यासमोर उभं राहून ते फोटो काढतात आणि दादाकडे जातात. एका बाईंनी तर मला विचारलं, "तुम्ही मारोतीजींकडे कामाला का?"

त्याचा डबा आमच्या घरून जातो. भाकरी आमच्या तव्यावरची, पण सुमनच्या तोंडी कौतुक त्याचं. "भाऊजी कशे दमानं बोलतात!" एक दिवस मीही दमानं म्हणालो, "सुमन, जरा चटणी वाढ." तर ती म्हणाली, "अगंबाई, घसा बसला का?"

आता सांगतो ते मालकाच्या येण्याचं.

"मालक मला लेकासारखं मानायचे," असं दादा गावभर सांगायचा. आम्हाला खरंखोटं कुठून कळणार? म्हणून मालक स्वतः येणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. वाईनमधलं खरं कळणारा माणूस येऊन दादाच्या वाईनचा घोट घेणार होता. घेऊन तोंड वाकडं करणार होता. मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला.

म्हातारा काठी टेकत उतरला. सोबत त्याची लेक, इनेस. दादाने रांजणातून वाईन काढली. दोघांनीही एकदमच ग्लासात नाकं घातली. मग म्हाताऱ्याने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला आणि बोलायला लागला. हात हलवून, थांबून, पुन्हा सुरू करून, किती वेळ बोलत होता. दादा मान खाली घालून ऐकत होता.

"काय म्हणून राहिले?" सुमनने विचारलं.

"चांगली झाली म्हणतात," दादा म्हणाला.

एवढ्या भाषणाचे तीनच शब्द? मला आतून गुदगुल्या झाल्या. नक्कीच झापला असणार.

मग दादाने ओळख करून दिली, "हा बंडू."

म्हाताऱ्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तो माझ्याजवळ आला, माझे दोन्ही खांदे धरले आणि खणखणीत आवाजात ओरडला, "काहून रे बंड्या!"

सगळे गार.

"बांद कोरतो व्हय? मागं सर!" म्हातारा पुढे म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला. सुमनने तोंडाला पदर लावला. मी दादाकडे पाहिलं, तर तो स्वच्छ रांजण फडक्याने पुसत होता.

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. इनेसचंही तसंच होतं, त्यामुळे आमचं जमलं. ती म्हणाली, "आमच्याकडे मारोतीची भाषा कोणालाच येत नव्हती. रांजणातली सालं काठीने खाली दाबताना तो रांजणाशी बोलायचा. बाबा बाहेर उभे राहून ऐकायचे. त्यांना वाटायचं, वाईन चांगली व्हावी म्हणून ही तुमच्याकडची प्रार्थना असेल. मारोती निघून आल्यापासून ते स्वतः रोज तीच रांजणांना म्हणतात."

म्हणजे तिकडे पोर्तुगालमधे रोज माझ्या नावाने वाईन पिकत होती आणि मला पत्ताच नव्हता.

"आणि मघाशी काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगली केलीस, असं म्हणाले. आणि परत चल म्हणाले. मी शहरात शिकवते, बाग बघायला कोणी नाही. बाबांना ती मारोतीला द्यायची आहे. तो फोनवर नाही म्हणाला, म्हणून बाबा इतक्या लांब आले. आताही तो नाहीच म्हणाला."

आख्खी बाग! मी नखशिखांत जळलो. मग मनात आलं, जाईना का. मोटारी थांबतील, माझी हळद निवांत वाळेल. पण ते मनात काही बसेना. त्याच्या बागेकडे बघितलं, तर गवतसुद्धा बरं वाटायला लागलं होतं.

मी दादाला बाजूला घेतलं. "जात न्हाईस काहून? इथं काय ठिवलंय?"

दादा पायाने माती सारखी करत राहिला.

"मालक देवमाणूस हाय रे. पण तिथं संध्याकाळ झाली की लई अवघड व्हायचं. मंग तुजं नाव घेऊन रांजणाशी भांडायचो. रांजण कदी उलटून बोलला न्हाई." मग म्हणाला, "तू मनातल्या मनात जळून राहिला, ते ठाऊक हाय मला. जळ. एवढं ध्यान ठिवून माज्याकडं बघणारं दुसरं कोन हाय?"

मी म्हणालो, "चल, जेवण गार होऊन राहिलं."

जाताना म्हाताऱ्याने दादाला छातीशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, दादाच्या बागेकडे, मधल्या त्या वीतभर बांधाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. ती नजर मी लगेच ओळखली. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कोणीतरी जळत होतं.

मी छाती थोडी पुढे काढली. तेवढ्यात ढेकळात त्याची काठी अडखळली, तशी मी त्याला दंडाला धरलं आणि मोटारीपर्यंत हळूहळू घेऊन गेलो.