परबनानांचा उतरता उजेड

परबनानांच्या खोलीतला कंदील कधी एकदम विझला नाही. वात ते इतकी सावकाश उतरवत, की तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडाचं जेवण उरकायचं. कुणी फुंकर मारली की खवळत. "उजेड मारूचो नसता रे, उतरवूचो असता!"

नाना लालबागच्या गिरणीत वायरमन. संयुक्त महाराष्ट्रासाठी आमचं कलापथक चाळीचाळीतून नाटुकली करायचं. अंगणात वीज कुठली? नानांनी मोटारीचा जुना हेडलाइट, मोटारीचीच बॅटरी आणि मंगलोरी कौलाचा एक तुकडा एवढ्यावर स्पॉटलाइट उभा केला. कौलावर विजेच्या शेगडीची तार गुंडाळलेली, तिच्यावर सरकणारी पितळी पट्टी. पट्टी सरकवावी तसा दिवा मंद होई. तार सणसणीत तापायची, म्हणून नाना बोटांना चिंधी बांधत. त्या कौलाला हात लावायची आमची टाप नव्हती.

नवं नाटुकलं मी लिहिलेलं, आणि त्यात गोळी लागून मरणारा कामगारही मीच.

"नाना, ठो झालं की काळोख. एकदम."

"जमूचा नाय."

"अहो, गोळी काय विचारून लागते?"

नाना पितळी पट्टी पुसू लागले. वर्षापूर्वी गोळीबारात त्यांचा धाकटा भाऊ बाबल्या गेला होता. मी जीभ चावली, पण हट्ट सोडला नाही. लेखक ना मी! शेवटी नानांनी मान डोलावली.

पहिला प्रयोग चिंचपोकळीच्या एका चाळीत. ठो झालं, मी पडलो, काळोख होईना. नाकावर डास बसला. मेलेल्या माणसाला खाजवता येत नाही. मनातल्या मनात मी नानांना शिव्या घालत होतो. तोंडावरचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, तरी जाईना. अंगण चिडीचूप होतं.

प्रयोग संपल्यावर मी तावातावाने गेलो. नाना बोटांवर फुंकर मारत बसले होते. चिंधी करपली होती, बोटं भाजली होती.

"नाना, तुम्ही कबूल केलं होतंत!"

"खरा आसा." मग खाली बघत म्हणाले, "तेव्हा मी पाळीवर होतंय. इलंय तवसर बाबल्याचा तोंड झाकलला. शेवटचा बघूक गावला नाय." बोटांवर पुन्हा फुंकर मारली. "आज बघून घेतलंय."

मला माझी फार लाज वाटली. एका घरून खोबरेल मागून आणलं आणि त्यांच्या बोटांना लावलं.

पुढे त्या नाटुकल्याचे पुष्कळ प्रयोग झाले. ठो झालं की मी पडायचो, आणि नानांचं बघून होईपर्यंत निपचित पडून राहायचो. डास चावले तरी.