अम्मीची फुंकर

अफसानाचं दोन वर्षांचं संशोधन शेवटी सहा नळ्यांवर येऊन ठेपलं होतं. नळ्यांत टी-पेशींतून काढलेला आरएनए होता, आणि प्रबंध सादर करायला दहा दिवस उरले होते. तपासणीचं यंत्र अकोल्यात. म्हणून शनिवारी बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ती अमरावतीहून निघाली. प्रयोगशाळा अकराला उघडायची. तोवर जुन्या शहरात घरी टेकू, असं तिने ठरवलं आणि तिथेच चुकलं.

"अम्मी, पेटीले हात लावू नको. हे बर्फाबाहेर राहिलं का संपलं," असं बजावून ती तोंड धुवायला गेली.

अनवरीबींनी हात लावला. पोरगी परीक्षेला निघाली की दुआ पढून पेनावर फुंकर घालायची, ही त्यांची बालवाडीपासूनची रीत. इथे तर डॉक्टरेटचा सवाल होता. एकेक नळी काढायची, झाकण उघडायचं, पढून फुंकायचं आणि लगेच बर्फात परत. पोरीची बर्फाची ताकीद त्यांनी तंतोतंत पाळली. तिसरी नळी बर्फात गेली तेव्हा अफसाना आली.

"हे काय करून राहिली तू? याले श्वास लागला तरी हे खराब होते."

उरलेल्या तीन नळ्या झडप घालून तिने मुठीत घेतल्या आणि तिथेच विज्ञान समजावायला बसली. टी-पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्यांनी घरच्यांनाच बडवू नये म्हणून त्यांना ब्रेक असतात. कर्करोग नेमके तेच ब्रेक दाबून निसटतो.

"आन् तुह्या नळीतलं काय करते?"

"हा आरएनए सोता प्रथिन बनवत नाही. पण पेशीनं ब्रेक किती बनवायचे, ते हा ठरवते."

"सोता इकडची काडी तिकडे करत नाही, आन् दुसऱ्यानं किती करायचं ते ठरवते," अम्मी म्हणाल्या. "म्हंजे तुहे अब्बा."

कुर्बानभाईंनी आतून फक्त चहात साखर किती टाकायची ते सांगितलं.

वाद अर्धा तास चालला. मुठीतल्या नळ्या कोमट झाल्या, हे संशोधक बाईंच्या ध्यानातही आलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेतल्या यंत्राने निकाल दिला. फुंकलेल्या तिन्ही नळ्या उत्तम, जपलेल्या तिन्ही वाया. प्रबंधाला तीन पुरत होत्या. अफसाना तिथेच स्टुलावर बसली आणि आनंदाने रडली.

सोमवारी मार्गदर्शक किशोर सरांनी विचारलं, "या तीन नळ्यांमध्ये वेगळं काय केलंस?"

तिने सगळं सांगितलं. मुठीचंही लपवलं नाही.

"म्हणजे प्रश्न तापमानाचा होता. फुंकरीचा संबंध नाही."

"नाही सर."

"शास्त्रात अशा गोष्टींना थारा नाही."

"नाही सर."

सरांचे स्वतःचे नमुने चार वेळा खराब झाले होते. मग त्यांनी उठून दार लोटलं, फ्रीजरमधून एक पेटी काढली आणि एकदम घरच्या बोलीवर आले.

"शनिवारी घरी चालली असशीन तं हे पण घेऊन जाय. आन् अम्मीले सांगजो, आठ आहेत."