यांच्या मेंदूत मी

"लाव पैज!" मी धाकट्या बहिणीला फोनवर ठणकावलं. "माझा फोटो दिसला की यांच्या मेंदूत रोषणाई होते की नाही, बघच तू!"

त्याचं असं झालं, माझी नात मेंदूवर संशोधन करते. आवडीचं माणूस किंवा आवडीची वस्तू दिसली की मेंदूचा कुठला भाग खूश होतो, ते तिचं मशीन पडद्यावर दाखवतं. तिला मुरलेली जोडपी हवी होती. आमच्या संसाराला बावन्न वर्षं झालेली! लग्नाआधी यांनी मला पत्रात लिहिलं होतं, 'तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.' ते पत्र मला पोस्टाच्या शिक्क्यासकट पाठ आहे. असल्या परीक्षेत हे नापास कसे होणार?

प्रयोगशाळेत यांना एका मोठ्या नळकांड्यात सरकवलं, भट्टीत पाव सरकवतात तसं. आत यांना एकेक फोटो दिसणार होता. मी काचेबाहेर नातीशेजारी ऐटीत बसले.

पहिला फोटो परक्या बाईचा. पडद्यावर अंधार.

"शाबास!" मी म्हणाले.

दुसरा माझा, ऐन पंचविशीतला. अंधार!

"मशीन बंद पडलं का गं?"

"नाही आजी, चालू आहे."

मी माइक ओढला. "अहो! झोपलात की काय? डोळे उघडा आधी!"

तेवढ्यात तिसरा फोटो आला, चहाच्या कपाचा. आणि पडद्यावर असा भडका उडाला, की आगीचा बंब बोलवावा!

"कप बशीसकट होता का गं?" मी कसंबसं विचारलं. दुसरं काय विचारणार!

मग माझी पाळी. मी फणफणतच आत गेले आणि फणफणतच घरी आले.

घरी बोलणं बंद, चहा बंद. सकाळी यांच्यापुढे कपाचा फोटो ठेवला.

"घ्या. भागवा तल्लफ!"

"अगं, पण झालं काय?"

"तुमच्या मेंदूला विचारा!"

तीन दिवस बहिणीचा फोन आला की मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून देत होते. चौथ्या दिवशी नात आली.

"आजोबा, फोटो नीट दिसले होते ना?"

"कसले फोटो? आत धातू चालत नाही म्हणून तुझ्या माणसानं माझा चष्मा काढून घेतला. मला नुसतं धुकं दिसत होतं."

नातीनं कपाळावर हात मारला. "मग तो भडका कशाचा?"

"मला काय ठाऊक! त्या खडखडाटात जीव घाबरला होता. मग हिचा आवाज आला, तेव्हा जरा बरं वाटलं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. साखर दुप्पट घातली. कप यांच्या हातात देताना माझी मान चांगली वीतभर उंच झाली होती.

"आणि हिच्या मेंदूत काय निघालं?" यांनी फुरका मारत विचारलं.

"आजीचा भडका तर तुमच्याहून मोठा!" नात म्हणाली. "पण फोटो सुरू व्हायच्या आधीच उडाला. मी माइकवरून एवढंच म्हणाले होते, 'आजी, आता चाळीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. कुणीही हाक मारणार नाही.'"

हे कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. मी हळूच नातीला विचारलं, "पुढच्या वेळी तासभर ठेवता येईल का गं?"