रस्त्यात आलेला ओटा

दीक्षितपुऱ्यातला आमचा रस्ता महायुद्धाची लढाई सुरू होऊन दोन वर्षे झाली तरी रुंद का होत नव्हता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. उत्तर एका वाक्यात देता येते. त्या रस्त्यावर वामनराव पांढरीपांडे राहत होते. परंतु एका वाक्यातील उत्तराला मी वर्गात पूर्ण गुण देत नाही. म्हणून विस्तार करतो.

वामनराव कोणाचीही सायकल तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. लढाऊ सामानाच्या सरकारी कारखान्यात तयार माल मापाला लावून पास किंवा नापास करणे, हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले होते. निवृत्तीनंतर माल येणे थांबले, तपासणे थांबले नाही. त्यांच्या घराचा दगडी ओटा रस्त्यात चार फूट आलेला होता आणि समोर देवळाची भिंत होती. मधल्या जागेतून सायकल हातात धरूनच न्यावी लागे. कारखान्यातून सुटलेला कामगार उतरला, की वामनराव ओट्यावरूनच ब्रेक दाबत, चेन चाचपत आणि निकाल देत, "पास नाही होत, भैया." मग कुपी काढून स्वतःच तेल घालत. तेवढ्यात त्याच्या सासूचा दमा, बहिणीचे लग्न, सगळ्याची चौकशी होऊन जाई. माझ्याकडे सायकल नसल्यामुळे ते माझी छत्री तपासत. ती दोनदा नापास झाली.

लढाईमुळे कारखान्यात माणसे वाढली आणि त्यांना राहायला जागा उरली नाही. एका शेठजींनी आमच्या रस्त्यावरील पडकी घरे घेऊन खाली दुकाने व वर कामगारांसाठी खोल्या बांधण्याची तयारी दाखवली. अट एकच होती. विटांचा ट्रक आत आला पाहिजे. अडचणी पुष्कळ होत्या. एका घराला सात वारस होते व त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नसत. दुसऱ्या घराचा जिना तिसऱ्या घरात होता. हे सर्व सुटले. देवळाच्या भिंतीला कोणी हात लावणार नव्हते. राहिला ओटा.

शेठजींचे मुनीमजी मोजणीसाठी तीनदा आले. वामनरावांनी तिन्ही वेळा आधी त्यांची टेप तपासली. ती ताणून सैल झाली होती. "टेप लेकर आइए, रस्सी नहीं," असे सांगून त्यांनी मुनीमजींना परत पाठवले.

म्हातारा हट्टी आहे, असे सगळे म्हणत. मीही तसेच समजत होतो. मग कारखान्याला दिवाळीची एका दिवसाची सुट्टी आली. सकाळी दहाला वामनराव कुपी घेऊन ओट्यावर बसलेले दिसले. चारला मी परतलो तेव्हाही ते तसेच बसले होते. कुपी तेलाने भरलेलीच होती. त्यांची पत्नी वारली होती आणि मुलगी अमरावतीला दिलेली. मला जवळ बोलावून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही सायकल काहून नाही घेत?"

शाळा जवळच आहे, असे मी सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

पुढे बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी लखन नावाचा कामगार ओट्याजवळ उतरला आणि चेनला तेल घालणे चालू असता उभ्याउभ्याच झोपला. वामनरावांनी कुपी खाली ठेवली आणि तो जागा होईपर्यंत दोन्ही हातांनी सायकल धरून ठेवली. मग कुठे राहतोस, असे विचारले. महाराजपूरला, असे तो म्हणाला.

"इतक्या दूर? रोज?"

"इधर कमरा कहाँ मिलता है, काकाजी."

दुसऱ्या दिवशी वामनराव मला साक्षीदार म्हणून घेऊन मुनीमजींकडे गेले. "ओटा तोड़ लीजिए," ते म्हणाले. "पर कमरे पहले बनेंगे, दुकानें बाद में." हे त्यांनी लिहून घेतले आणि दोनदा वाचून पाहिले.

ओटा गेला. वामनराव आता दाराच्या आत स्टुलावर बसतात. पहिल्याच संध्याकाळी लखन दारासमोर उतरला, तेव्हा ते त्याच्यावर रागावले. "आता काहून उतरून राहिला तू? रस्ता मोकळा आहे न." लखनने सायकल भिंतीला टेकवली आणि प्यायला पाणी मागितले. त्याच्या मागे आणखी चौघे उतरले.

तेथून आता तीन सायकली शेजारी-शेजारी सहज जातात. मी नव्या टेपने दोनदा मोजले आहे. तरी एका माणसाच्या मोजण्यात चूक राहू शकते. वाचकांनी पाळी सुटण्याच्या वेळी येऊन रस्ता मोजावा, आणि किती जण उतरतात तेही स्वतः मोजून पाहावे, ही विनंती.