तरुण संघातले बंधू शांतवन

साताऱ्यातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघात सगळ्यात तरुण सभासद शाळेतून नुकता बाहेर पडलेला होता आणि सगळ्यात वयस्कर सभासद एसटीतून निवृत्त झालेला होता. या दुसऱ्याचं नाव शांतवन आवळे. डोक्यावरचे केस पांढरे, मिशी त्याहून पांढरी, गुडघा वाजणारा. पण दर रविवारी उपासना संपली की बाकीची वडीलधारी मंडळी चहाकडे वळायची आणि हे आमच्याबरोबर मागच्या खोलीत येऊन सतरंजीवर मांडी घालून बसायचे.

त्याचं असं होतं की आमच्या संघाच्या घटनेत वयाची अट नाही. कुणा पूर्वजाने एवढंच लिहून ठेवलंय की सभासद अविवाहित असावा. शांतवनकाकांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे ते नियमात बसत होते, आणि नियमाला ते फार मानत.

एकदा वार्षिक सभेत आशिषने धीर करून ठराव मांडला की वयाची मर्यादा घालावी. आशिष म्हणजे आमच्यातला दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा, कडक इस्त्रीचा मुलगा. काका लगेच उठून उभे राहिले. म्हणाले, "माझा ठरावाला पाठिंबा हाय. फकस्त अंमलबजावणीच्या आधी माझ्यासाठी पोरगी बघा." सभा हसत सुटली. ठराव तिथेच बारगळला.

संघात त्यांना काका म्हटलेलंही चालायचं नाही. "हितं समदी भाऊबहिणी हायती. काका कोण न्हाई." मग सभेच्या वृत्तांतात आम्ही त्यांना 'बंधू शांतवन' लिहायचो आणि तोंडाने काकाच म्हणायचो. मी त्या वर्षी संघाची चिटणीस होते, म्हणून मला ते नावाने न बोलावता 'चिटणीस बाई' म्हणत. स्वतःच्या नावाबद्दल मात्र फार हळवे. कुणी शांताराम म्हटलं की वाक्य मध्येच तोडून सांगायचे, "शांताराम न्हवं, शांतवन. शांतवन म्हंजे दुःखात धीर देणं. माझ्या आईनं बायबलातनं काढलंय." आणि ज्याचं नाव असं शांत, तो माणूस दिवसभर बोलत असायचा.

बोलणं सगळं कंडक्टरचं. चर्चच्या दारात गर्दी झाली की, "पुढं सरका, मागं जागा न्हाई." कुणी जेवायचं राहिलं की, "ह्या पाशिंजरला जागा करून द्या." प्रार्थना करायला सांगितली तर डोळे घट्ट मिटून, "हे प्रभू, गाडी तुझी, डायवर तू. आमी नुसती पाशिंजरं. घाटात सांभाळ, खड्ड्यात सांभाळ, आणि जिथं उतरायचं तिथं न चुकता उतरव." आणि आमेन झालं की खिशातल्या किल्लीने बाकावर दोनदा टकटक. डबल बेल! पाळकसाहेबांनी पुष्कळदा समजावलं, पण हात काही थांबला नाही. शेवटी पाळकसाहेबच टकटक झाल्याशिवाय डोळे उघडेनासे झाले.

त्या वर्षी सांगलीत कृष्णेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर आमच्या संघाने ठरवलं की आठवडाभर जाऊन घरं साफ करायला मदत करायची. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ब्लिचिंग पावडरीची पोती असं सगळं गोळा केलं. काकांना नेऊ नये असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. गुडघा दुखरा, वर चिखलात घसरले तर? आशिष त्यांना सांगायला गेला, आणि परत आला तो त्यांची वळकटी उचलून. "म्हणाले, सातारा-सांगली रस्त्यावर माझी उमर गेली. तुम्हाला उंब्रजच्या पुढं चांगला चहा कुठं मिळतो ते तरी ठाऊक हाय का?"

सांगलीत एका चर्चच्या हॉलमध्ये आमची राहायची सोय झाली आणि नदीकाठची एक गल्ली आमच्या वाट्याला आली. वास आधी आला, गल्ली नंतर दिसली. भिंतींवर माणसाच्या डोक्यावरून गेलेली पाण्याची रेघ. दारोदार फुगलेली कपाटं, कोंब फुटलेले गहू, भिजून लगदा झालेली वह्या-पुस्तकं. जवळच्या गोदामातली हळद पाण्यात मिसळली होती, त्यामुळे चिखलसुद्धा पिवळा. हात कितीही धुतले तरी हळदी समारंभातून आल्यासारखे दिसायचे.

गल्लीतले लोक आधी जरा बिचकून होते. गळ्यात क्रॉस घातलेली पोरं बघून एका गृहस्थांनी काकांना बाजूला घेतलं. "आवं, एक इचारतो, राग मानू नका. धर्म बदलायला तर न्हाई आला न्हवं तुमी?"

"न्हाई वो," काका म्हणाले. "आमी चिखल बदलायला आलोय. हितला उचलायचा आन् तिकडं टाकायचा."

गृहस्थ हसले आणि घरातून आणखी एक फावडं घेऊन आमच्यात सामील झाले.

आमचं काम झपाट्याने चाललं होतं. आशिषने पद्धत बसवली होती. मुलांनी सामान बाहेर काढायचं, मुलींनी धुवायचं ते धुवायचं, बाकीचं कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायचं. एक घर झालं की पुढचं. पण गल्लीच्या टोकाच्या एका घरापाशी आमची गाडी अडली.

त्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली. गल्ली तिला आक्का म्हणायची. मुलगा फौजेत, दूर सीमेवर. त्याला रजा मिळेपर्यंत ती एकटीच होती. ती आम्हाला आत जाऊ देईना. आत एक लाकडी पलंग होता आणि त्यावर कापसाची गादी. पाणी पिऊन पिऊन गादी म्हशीसारखी फुगली होती आणि तिच्यातून पिवळं पाणी गळत होतं. ज्या वासाने घरात उभं राहवत नव्हतं, त्याचं मूळ तीच होती.

"आजी, ही गादी आता वाळायची नाही," आशिष म्हणाला. "रोगराई होईल. आम्ही उचलतो."

"हात लावू नगंस," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आशिषने पुढे केलेला हात मागे घेतला.

शेजारच्या बाई कुजबुजल्या की आक्काचे मालक गेल्याच वर्षी त्या गादीवर गेले. पूर चढला तेव्हा लोकांनी तिला उचलून नेलं, आणि उतरल्याबरोबर पहिल्यांदा ती परत आली ती गादी बघायला.

आम्ही पुढच्या घराकडे गेलो. काका गेले नाहीत. ते आक्काच्या शेजारी, एक पायरी खाली बसले.

"नाव काय तुमचं?" आक्काने विचारलं.

"शांतवन."

"शांताराम व्हय? बरं."

मी समोरच्या नळावर भांडी घासत होते. आता हे दुरुस्ती करणार म्हणून मी कान टवकारले. काका म्हणाले, "व्हय आक्का."

मग त्यांनी त्या घरातली एकेक वस्तू बाहेर आणायला सुरुवात केली. तांब्या आणला की विचारायचे, "हा कुठला?" ती सांगायची, माहेरचा. ते धुऊन पायरीवर ठेवायचे. अडकित्ता आणला, तो मालकांचा. बाळाच्या पायातला वाळा आणला, तो फौजेतल्या मुलाचा. दुपार झाली तरी निम्मं घर आतच. आशिष वैतागला. "काका, एवढ्या वेळात बाकीची घरं झाली असती."

"तुमी करा की. तुमची जलद गाडी. ही आपली थांबा तिथं थांबणारी." मग हळू आवाजात म्हणाले, "आपण घर साफ कराया आलोय, लेका. रिकामं कराया न्हाई."

दुपारी भाकरी खाऊन बाकीचे सावलीत टेकले, मी नळावर ताटल्या धूत होते, तेव्हा त्या दोघांचं बोलणं मला ऐकू आलं. काका नेहमीच्या आवाजात बोलत नव्हते.

"माझी आई लय वर्षं अंथरुणाला खिळून हुती, आक्का. रहिमतपुरात आमचं घर. मी ड्युटीवरनं आलो की तिला पुसायचो, जेवण भरवायचो आन् मग दिवसभराचं सांगायचो. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचं कोंबडं गाडीत सुटलं. तिचं जग तेवढंच. एखाद्या दिशी काय घडलंच न्हाई तर बनवून सांगायचो."

आक्का हातातला वाळा पदराने पुसत होती.

"ती गेली. मातीला दिली. मी पुन्हा ड्युटीवर हजर झालो. सांजच्याला घरी येतोय, तर बहिणींनी खोली धुऊन लख्ख केलेली. खाट न्हाई, गादी न्हाई, तिची वाटीसुदिक न्हाई. चांगल्या मनानंच केलं वो त्यांनी. भावाला तरास नको म्हणून. पण मी दारात हुबा. दिवसभराचं सांगायचं तोंडावर आलेलं, आन् सांगायचं कुणाकडं बघून?"

मी नळ बंद केला. आमच्या सभांमध्ये, प्रवासात, जेवताना, चहा पिताना अखंड चालणारी ती बडबड मला त्या क्षणी वेगळीच ऐकू यायला लागली.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "शांताराम, घ्या उचलून. पर मी संगट येणार, टॅक्टरपतूर."

गादी उचलायला चार जण लागले. खांद्यावर घेतल्याशिवाय ती हलेना. पुढे काका, मागे खांद्यावर गादी घेतलेली चार पोरं, तिच्या कडेला हात लावून चालणारी आक्का. कुणी ठरवलं नव्हतं, पण गल्लीतल्या लोकांनी हातातली फावडी खाली ठेवली. दोघातिघांनी टोप्या काढल्या. काकांच्या तोंडून सवयीने, "पुढं सरका" निघालं आणि ते एकदम ओशाळून गप्प झाले.

ट्रॉलीपाशी आक्काने गादीवरून हात फिरवला. काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, मग डोळे उघडले.

"काय म्हणालास रं?" आक्काने विचारलं. तुम्हीचा तू कधी झाला, मला कळलं नाही.

"म्हटलं, हिच्यावर जे झोपले त्यांना आता सुखाची झोप लागू दे. आन् जे जागं हायती, त्यांनाबी."

आक्काने पदर डोळ्यांना लावला आणि आशिषकडे वळून म्हणाली, "पोरा, खांदा मळला तुझा. इकडं ये, धुऊन देते." आणि आमचा कडक इस्त्रीचा आशिष लहान मुलासारखा तिच्यापुढे वाकला.

आठवडा संपला, आम्ही साताऱ्याला परतलो. अभ्यास, नोकऱ्या, नाताळच्या गाण्यांच्या तालमी असं सगळं परत सुरू झालं. काका मात्र अधूनमधून रविवारी दिसायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "जरा रूटवर गेलतो."

डिसेंबरात एका सकाळी मी सातारा स्टँडवर होते. सांगलीच्या गाडीपाशी वादावादी चाललेली. एक पोरसवदा कंडक्टर आणि त्याच्यासमोर शांतवनकाका, कवेत सुतळीने बांधलेली नवी कोरी गादी.

"काका, गादी टपावर टाका."

"टपावर धूळ बसती."

"मग तिकीट काढावं लागंल तिचं."

"काढतो की. खिडकीची जागा द्या म्हंजे झालं."

कंडक्टरने कपाळावर हात मारून घेतला. काकांनी गादी आत नेऊन खिडकीशी उभी केली आणि तिच्याशेजारी बसले. मी बाहेरून खिडकीपाशी गेले.

"सलाम काका," मी आमच्या चर्चच्या रिवाजाने म्हणाले. "आक्कांना?"

"सलाम, चिटणीस बाई. व्हय. आमच्या गादीवाल्या नदाफमामूंनी केलीया. नवा कापूस हाय. हात लावून बघा, ससा जणू." मग जरा इकडेतिकडे बघून म्हणाले, "दोन केल्यात."

"दुसरी कुणाला?"

"घरी ठिवलीया. आक्का नाताळला येती म्हणालीया. राहायला." गादीची सुतळी सैल नव्हती, तरी त्यांनी ती पुन्हा आवळली. "आई गेल्यापासनं त्या कोपऱ्यात मी काय ठिवलंच न्हवतं. काल खाट आणून टाकली."

कंडक्टर चढला, गाडी सुरू झाली. काका खिडकीतून अर्धे बाहेर वाकले.

"चिटणीस बाई, एक सांगा. आईची खाट भिताडाकडं असायची. तिला उजेड सोसायचा न्हाई. आक्काची खिडकीकडं घेऊ का? रस्ता दिसंल. येणारं-जाणारं दिसंल."

"खिडकीकडं घ्या," मी म्हणाले.

"तेच म्हटलं मी." त्यांनी समाधानाने मान हलवली, गादीवरचा हात काढून मला केला, आणि गाडीने वळण घेतलं तेव्हा ती कलंडू नये म्हणून पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला.