पहिल्या रांगेतला दगड

एका जंगलात, बाळांनो, अंतोबा नावाचं एक कासव राहत होतं. त्याच्या बायकोचं नाव राही. दोघं स्वभावाने गरीब आणि पायाने मंद. जंगलात कुठलंही कार्य निघो, ही दोघं पोचायची तेव्हा मांडव उतरलेला असायचा आणि उष्ट्या पत्रावळी गोळा होत असायच्या. "उशीर केलात हो," असं म्हणून यजमान त्यांच्या हातावर सुपारी ठेवायचे. सुपारी चघळत दोघं परत फिरायची.

त्याच जंगलात कस्तूरबुवा नावाचा एक पक्षी होता. अशी शीळ घालायचा की ऐकणाऱ्याने तोंडातला घास गिळायला विसरावं. पूर्वी तो ओढ्याकाठी बसून गायचा. तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मग कुणीतरी त्याला एका गुहेत बसवलं, दाराला खिडकी केली आणि तिकीट लावलं. झालं! अख्ख्या जंगलाला गाण्याची गोडी लागली. मैफल वर्षातून एकदाच, आणि तिकिटासाठी झुंबड ही अशी.

राहीला ते गाणं ऐकायचं होतं. तिने नवऱ्याकडे जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं.

"या खेपेला तिकीट काढतोच," अंतोबा म्हणाला. "मी पुढे होतो. तू मागून ये."

आणि त्या सालची मैफल संपली त्याच दिवशी तो पुढच्या सालच्या मैफलीला निघाला.

अंतोबा गुहेशी पोचला तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. खिडकीपासून लांबवर नुसते दगड पडले होते. दगडांकडे कोण लक्ष देतं? आपण पहिले आलो, या आनंदाने अंतोबाला रडूच फुटलं. डोळे पुसून तो खिडकीपाशी गेला.

खिडकीत साळिंदर बसलं होतं. त्याला मुद्दामच बसवलं होतं, म्हणजे कुणी अंगचटीला येत नाही.

"दादा, दोन तिकिटं द्या."

"तुमचा दगड कुठाय?"

"कसला दगड?"

साळिंदराने काट्याने पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं : 'खिडकीशी गर्दी करू नये. आपापला दगड रांगेत ठेवावा व घरी जावे.'

"पण मी स्वतः आलोय की!"

"स्वतः येणाऱ्यांमुळेच गर्दी होते," साळिंदर म्हणालं. "नंबर दगडाला असतो. व्हा बाजूला."

अंतोबा दगड शोधायला लागला. पण आसपासचे सगळे दगड केव्हाच रांगेला लागले होते. त्याने रांगेकडे नीट पाहिलं. सगळे गोल, मातकट, टणक पाठीचे. त्याला वाटलं, हे तर आपले भाऊबंदच दिसतात. तो रांगेच्या शेवटी गेला. डोकं आत घेतलं, पाय आत घेतले, शेपूट आत घेतली.

अंतोबाचा नंबर लागला. पण दगडाची एक अडचण असते. त्याचं तिकीट घ्यायला मालक लागतो. मालक म्हणून डोकं बाहेर काढावं, तर नंबर जातो. नंबर राखावा, तर तिकीट कोण घेणार? याचा विचार करता करता अंतोबाला झोप लागली.

जाग आली ती अस्वलरावांच्या काखेत.

अस्वलरावांनी स्वतःसाठी, भावांसाठी, मेव्हण्यांसाठी आणि अजून न जन्मलेल्या पुतण्यांसाठीही दगड ठेवले होते. त्यातले आपले कुठले, हे त्यांना कुठलं आठवायला? "हाही आमचाच," असं म्हणून त्यांनी अंतोबाचंही तिकीट घेतलं होतं. आता जागा धरायला दगड आत न्यायचे होते. त्यांनी अंतोबाला पहिल्या रांगेत मधोमध ठेवलं. "ही मेव्हण्याची जागा. हलायचं नाही," असं बजावून ते बाहेर भज्यांकडे गेले.

सगळं जंगल बाहेर भज्यांपाशीच होतं.

"तुला मिळालं?"

"मिळालं! तुला?"

"मिळालं म्हणजे काय! पहिली रांग!"

तिकीट मिळाल्याचाच आनंद एवढा होता की गाणं ऐकायला कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आत फक्त दगड होते. गुहा हाऊसफुल्ल होती.

कस्तूरबुवा आले. त्यांनी दगडांना वाकून नमस्कार केला आणि शीळ घातली.

पाठीच्या अंधारात अंतोबा ऐकत होता. शीळ वर चढली. आता संपली असं वाटलं, तिथून ती हलकेच वळली आणि आणखी वर गेली. राही हवी होती इथे, असं त्याला फार फार वाटलं. आणि त्याचं डोकं आपोआप बाहेर आलं.

"वाहवा!"

कस्तूरबुवा दचकले. सूर तुटला.

"क... कोण बोललं?"

कित्येक वर्षांत त्यांना कुणी मध्येच दाद दिली नव्हती. "हे चालायचं नाही!" ते ओरडले. "मला जाणकार श्रोत्यांची सवय आहे!"

राखणीची माकडं धावत आली. "दगडांच्या जागेवर हा जिवंत कुणी सोडला?" म्हणत त्यांनी अंतोबाला उचललं आणि दाराबाहेर गडगडत सोडून दिलं. मैफल तिथेच संपली. बाहेर अस्वलराव भजं खात म्हणाले, "काय गायले हो बुवा!"

अंतोबा गडगडत जाऊन थांबला तो राहीच्या पायाशी. ती नुकतीच पोचत होती.

"अहो, संपलं?"

"संपलं गं."

"नेहमीचंच," राही म्हणाली. "सुपारी तरी दिली का?"

"राही, मी ऐकलं. फार नाही. एकच तान."

"कशी होती?"

अंतोबाने मान लांब केली, डोळे मिटले आणि तान घेतली. कासवाला कुठली शीळ? नुसती फुस्स फुस्स हवा आली. पण ती हवा वर चढली, संपतेय असं वाटलं तिथून हलकेच वळली आणि आणखी वर गेली.

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाहवा!" ती म्हणाली.

तिला कुणी बाहेर काढलं नाही. ती बाहेरच होती.

तात्पर्य : ज्याला गाण्याची खरोखर आवड आहे, त्याने मैफलीला जाऊन इतरांचा रसभंग करू नये. आपला दगड पाठवावा. तो वेळेवर जातो, जागा सोडत नाही आणि भलत्या वेळी वाहवा म्हणत नाही. 'काय गायले हो!' एवढं मात्र भजं संपायच्या आत आपण स्वतः म्हणावं.