कचरूदादांचा आवाज कुठवर जातो

कचरूदादा दर पौर्णिमेला सकाळी स्वतःचा आवाज मोजतात, आणि तोही माझ्या पायांनी. ते विहाराच्या पायरीवर उभे राहून गाणं सुरू करतात. मी त्यांच्याकडे तोंड करून गल्लीतून उलटा चालत जायचं आणि ऐकू येतंय तोवर रुमाल हलवायचा. एकदा असा चालता चालता मी बांधलेल्या म्हशीच्या अंगावर जाऊन पडलो. म्हशीने माफ केलं. दादांनी नाही, कारण त्यांचं कडवं तुटलं होतं.

आमचं गाव राजूरच्या अलीकडचं. मी तिथला निवृत्त मास्तर आणि दादांचा शेजारी. दादा पंच्याहत्तरीचे. भीमगीतं गाऊन त्यांनी उभा जिल्हा पालथा घातलाय, तेही माईकशिवाय. आवाजाबद्दल ते घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "आज ह्यो रुसून बसलाय." त्याच्यापायी चिंच बंद, ताक बंद, एप्रिलच्या उन्हातही गळ्याला मफलर. "पहिले सुई होती गुर्जी, आता दाभण झालंय," म्हणतात. खरं सांगू? मला ते दाभणच जास्त आवडतं. पूर्वी ते गायचे तेव्हा माणूस थक्क व्हायचा. आता जवळ सरकून बसावंसं वाटतं. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. त्यांना अंतर हवं असतं.

गल्लीच्या शेवटच्या घरात त्यांची थोरली बहीण राहते, गयाअक्का. गुडघे गेल्यापासून ती ओट्यावरून हलत नाही. दादांना गाणं तिनेच शिकवलं, आणि पुष्कळ गाणी रचलीही तिनेच. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. दादांनी एका मोठ्या कार्यक्रमात तिच्या गाण्यात स्वतःचं नाव घातलं. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. वीस वर्षं होऊन गेली. आवाज नेमका त्या ओट्यापर्यंतच का जायला हवा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. जन्मभर पोरांना प्रश्न विचारले, पण इथे माझंच डोकं चाललं नाही.

गेली तीन वर्षं आवाज पिठाच्या गिरणीपर्यंतच येतो. तरी मी ओट्यापर्यंत रुमाल हलवत जायचो. परत आलो की दादा विचारायचे, "बराबर पोचला ना?" मी म्हणायचो, बिलकुल बराबर. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडून काय मिळवायचं? उलट एवढं छान खोटं बोलल्याबद्दल मी स्वतःवर खूश असायचो.

गेल्या पौर्णिमेला असाच ओट्याशी पोचलो, तर अक्का म्हणाली, "गुर्जी, कशाला हात हालवून राह्यले? तीन साल झाले, मला हितं काईच आयकू येत न्हाई." मग तिने विचारलं, "त्याची तब्येत तर बरी हाय ना?"

मी परत गेलो आणि दादांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता चपलेने मारतील. ते पायरीवर खालीच बसले.

"म्हंजी तिनं नाव आयकलंच न्हाई?"

कोणतं नाव, मी विचारलं. तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याच गाण्याच्या शेवटच्या कडव्यातलं स्वतःचं नाव काढून तिथे गयाचं घातलं होतं. दर पौर्णिमेला ते तेवढंच तिच्याकडे धाडत होते. म्हाताऱ्याच्या रियाजातले शब्द गल्लीत कोण ऐकतो? आणि शेवटचं कडवं येईतो मी गिरणीच्या पलीकडे गेलेलो असायचो. अक्काने ऐकलं, पण माफ केलं नाही, असं धरून दादा दोन वर्षं गप्प बसले होते. मला माझी इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

गळ्याला हात लावून दादा म्हणाले, "मला जायाला तोंड न्हाई म्हणून ह्याला धाडत होतो. आता ह्याच्यानं बी होत न्हाई. मंग मलाच जावं लागंल."

ते उठले आणि गल्लीने निघाले. वाटेत दोनदा थांबले. मी गिरणीपाशीच उभा राहिलो. अक्काच्या ओट्याखालच्या दगडावर दादा बसले. मग दादांची मान खाली गेली आणि हात मांडीवर ताल धरू लागला. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने अक्काचा हात त्यांच्या डोक्यावर गेला. तेव्हा शेवटचं कडवं आलं असावं.